राहिलेली दोन मिनिटं

मित्रांनो, माझ्या झाकणावर हात ठेवून आजवर कुणी खोटं बोललेलं नाही. एवढा मान एखाद्या खोक्याला मिळावा, हे तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटतं. मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. झाकण एका कोपऱ्यात तडकलेलं, एक पाय बदललेला, पट्टा शिलाई मशिनचा. बैरूतमध्ये जिन्यांच्या गल्लीतल्या एका घरात, तिसऱ्या मजल्यावर माझा मुक्काम आहे. यंदाच्या डिसेंबरात माझ्या झाकणावर पहिल्यांदाच एक हात थरथरला. त्याची ही हकिगत आहे. पण आधी थोडं माझ्याविषयी सांगतो.

माझा जन्म कुठं झाला ते माझ्या पाठीवरच्या पत्र्यावर लिहिलेलं होतं. पन्नास वर्षं फडकं फिरून फिरून ती अक्षरं गेली. बोटीनं आलो, पेंढ्यात गुंडाळलेला होतो आणि खोलीभर खारा वास होता, एवढंच आठवतं. माझा पहिला मालक दंतवैद्य होता. त्यानं मला बाहेरच्या खोलीत ठेवलं. आतल्या यंत्राची घरघर बाहेर बसलेल्यांना ऐकू येऊ नये म्हणून मी सकाळपासून व्हायोलिन वाजवायचो. माझ्या आवाजाकडं कुणाचं लक्ष नसायचं, सगळ्यांचे कान आतल्या दाराकडं. तरी गाल धरून आलेली माणसं माझ्याकडं बघत जरा सैल व्हायची, आणि मला ते पुरायचं. मग कॅसेट आल्या. मला माळ्यावर टाकलं. प्लास्टरच्या दातांनी भरलेलं एक खोकं माझ्या डोक्यावर बसलं आणि ते वीस वर्षं हललं नाही.

दंतवैद्य गेल्यावर मी बुर्ज हम्मूद या वस्तीत उस्ता, म्हणजे कारागीर, ह्रायरच्या दुरुस्तीच्या दुकानात पोचलो. तिथं एकोणीस वर्षांची युम्ना आली. कॉलेजची झोळी, नखं कुरतडलेली, आणि नजर अशी की खोलीत शिरल्या शिरल्या पळायचा रस्ता आधी बघून ठेवावा.

"याचा पट्टा मिळत नाही आता," ह्रायर म्हणाला. "शिलाई मशिनचा कापून लावलाय. जरा सैल बसतो. गाणं किंचित आळसावतं."

"किती?"

"तुला कळणार नाही, पोरी."

तिनं मला लावलं, डोळे मिटून एक गाणं ऐकलं आणि म्हणाली, "कळतंय."

ह्रायर हसला. "मग घेऊन जा. ज्यांना कळत नाही त्यांना मी हा देणारच नव्हतो."

त्या दिवसापासून युम्नानं जगातली सगळी गाणी माझ्यासारखी, जराशी आळसावलेली ऐकली. आता तीच गाणी दुसरीकडं कुठं बरोबर गतीनं लागली की तिला ती घाईत असल्यासारखी वाटतात.

तिला आवडायचं ते रॉक. तेही मोठ्या कंपन्यांचं नाही. चार पोरं जमतात, स्वतःच्या खिशातून स्टुडिओचं भाडं भरतात किंवा घरातच गाद्या भिंतीला लावून रेकॉर्ड करतात, आणि दोनशे तबकड्या काढून त्या मित्रांच्या दुकानांत ठेवतात, तसलं. अम्मानच्या एका शाळामास्तरणीनं एकटीनं केलेला अल्बम होता. त्यात मधेच भांडं पडल्याचा आवाज आहे आणि तिनं तो काढला नाही. कैरोच्या पोरांच्या एका अल्बममधे ड्रम असे वाजतात की जिन्यावरून गॅसची टाकी गडगडत खाली यावी. ट्युनिसच्या एका जोडप्याचा अल्बम भांडून वेगळं झाल्यावर केलेला, एका बाजूला नवऱ्याची गाणी, दुसऱ्या बाजूला बायकोची. बायकोची बाजू जास्त चांगली आहे.

गल्लीच्या तळाला इस्कंदरचं तबकड्यांचं दुकान आहे. दर वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी तिथं आठ जण जमतात आणि प्रत्येक जण त्या वर्षातले आपले आवडते दहा अल्बम वाचून दाखवतो. याद्या भिंतीवर लागतात. ज्या अल्बमचं सगळ्यांत जास्त कौतुक होईल तो वर्षभर दुकानाच्या दर्शनी काचेत बसतो. लहान बँडला ती काच म्हणजे फार मोठी गोष्ट. या बैठकीचे नियम युम्नानंच घातले होते, पहिल्या वर्षी, एकोणिसाव्या वर्षीच्या कडकपणानं. अल्बम खुर्चीत बसून, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, न उठता ऐकलेला असला पाहिजे. खुर्ची प्लेअरला लागून ठेवायची, म्हणजे तबकडी उलटायलाही उठावं लागत नाही. अर्धवट ऐकलेला अल्बम यादीत चालणार नाही.

"आणि वीज गेली तर?" इस्कंदरनं तेव्हा विचारलं होतं. बैरूतमध्ये हा प्रश्न विचारावाच लागतो.

"वीज गेली तर बसून राहायचं," युम्ना म्हणाली. "आली की सुई थांबली तिथून पुढं. मधली शांतता अल्बममधेच धरायची. वीज गेली तर तुमचा दोष नाही. पण उठलात तर तुमचा."

आणि यादी वाचताना हात माझ्यावर ठेवायचा. त्या वर्षी दुकानातला प्लेअर बिघडलेला होता म्हणून तिनं मला घोंगडीत गुंडाळून नेलं होतं. पुढं तीच रीत पडली. लग्नाआधी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची; तिथून दर डिसेंबरात मी टॅक्सीतून नवरीसारखा मांडीवर बसून यायचो.

मग युम्नाचं वदीहशी लग्न झालं आणि आम्ही याच गल्लीत राहायला आलो. तो कुवेतला नोकरीला, तीन महिन्यांनी एकदा येतो. आणि मागच्या मार्चमध्ये जूरी जन्मली.

मित्रांनो, बाळ घरात आलं की वस्तूंच्या जागा बदलतात. याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझ्या झाकणावर आधी दुपटी आली, मग डायपरचा गठ्ठा, मग पावडरीचा डबा. डबा सांडला आणि पावडर माझ्या फटीत गेली. खालच्या मजल्यावर राहणारी हियाम, म्हणजे युम्नाची सासू, रोज वर येऊन माझ्याकडं बघून जीभ टाळ्याला लावून च्च करायची.

"हे धूड इथून हलव गं. पोरगी उद्या चालायला लागेल, कपाळमोक्ष करून घेईल."

"हलवते, मावशी." इथं सासूला मावशीच म्हणतात.

"गेल्या आठवड्यातही हलवत होतीस."

युम्ना मला हलवत नव्हती आणि लावतही नव्हती. तिला वेळ नव्हता असं नाही. जूरी दुपारी झोपायची. पण युम्ना दर दोन मिनिटांनी जाऊन तिच्या नाकाखाली बोट धरायची. उन्हाळ्यात एकदा तिनं धीर करून डायपर उचलले, तबकडी लावली, आवाज अगदी बारीक ठेवला. गिटारची वरची तार वाजली आणि ती ताठ झाली. सुई उचलली. कान दिला. काही नाही, जूरी झोपलेली. सुई ठेवली. परत तार वाजली, परत उचलली. त्या दुपारी एक गाणं तिनं सहा वेळा थांबवलं. मग फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "लमीस, माझे कान गेले गं. नळ सोडला तरी त्यात जूरी रडते. गिटारमध्येही रडते. मला आता गाणं ऐकूच येत नाही."

लमीस त्या आठ जणांतली एक. जिभेनं तिखट. म्हणाली, "मग यंदा यादीत जूरीलाच लिही. पहिला क्रमांक. स्वतःच्या हिमतीवर, कुठल्याही कंपनीशिवाय."

युम्ना हसली. पण फोन ठेवल्यावर तिनं माझ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. दहा याद्या झाल्या होत्या. अकरावी होणार की नाही, हे त्या हाताला ठाऊक नव्हतं. आईपणात आपण स्वतःलाच कुठंतरी ठेवलेलं असतं आणि जागा आठवत नाही, तसं काहीतरी त्या हातात होतं.

ऑक्टोबरात इस्कंदरनं एक तबकडी पाठवून दिली. 'मिठागर' नाव. समुद्रकाठच्या अन्फे गावच्या तीन बहिणींचा पहिलाच अल्बम. घरच्या मिठाच्या कोठारात रेकॉर्ड केलेला, नऊ गाणी, अडतीस मिनिटं. सोबत चिठ्ठी होती: 'वीस प्रती आल्यात, एकानंही विचारलं नाही. तू ऐक.'

युम्नानं ऐकला. म्हणजे तुकड्यांत ऐकला. दोन गाणी भाजी चिरताना, अर्धं गाणं जूरीला थोपटताना, तिसरं परत पहिल्यापासून. थोरलीचा आवाज जाड, धाकटीचा पातळ, आणि मधली गातच नाही, ती बेस गिटार अशी वाजवते की बदललेल्या पायासकट माझे चारही पाय खालच्या फळीवर उभे राहतात. पहिल्या दिवशी दुसऱ्या गाण्यावर युम्ना थांबली, सुई उचलली नाही. तार वाजली तरी उचलली नाही. माझ्या लक्षात आलं. कान परत येत होते. पण अल्बमचा शेवट तिला एकदाही गाठता आला नाही. दरवेळी काहीतरी व्हायचं. सुई माझीच, तरी तो अल्बम कसा संपतो ते मलाही माहीत नव्हतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. वरचं घर आणि खालचं घर मिळून गल्लीतल्या जनरेटरची एकच जोडणी आहे. पाच अँपिअर. पाच अँपिअरमध्ये फ्रिज, दिवे आणि मी, एवढं बसतं. त्यात कुणी गीझर लावला की खटका पडतो आणि दोन्ही घरं गप्प होतात. खटका हियामच्या स्वयंपाकघरात आहे. म्हणून गीझर, इस्त्री, किटली, काहीही लावण्याआधी हाक मारायची. दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या इमारतीच्या पोटातल्या अरुंद, विहिरीसारख्या मोकळ्या जागेत उघडतात. दिवसभर त्या विहिरीतून हाका चालतात.

"युम्नाऽ! गीझर लावतेय!"

"थांबा मावशी, माझी किटली आहे!"

"तुझा चहा झाला की माझी अंघोळ, का माझी अंघोळ झाली की तुझा चहा?"

"तुमची अंघोळ!"

"अल्ला तुला शंभर पोरं देवो!"

"नको, एक पुरे!"

हाक न मारता गीझर लावणं हे आमच्या इमारतीत चोरीपेक्षा वाईट. चौथ्या मजल्यावरच्या दोन भावांचं याच कारणावरून सहा वर्षं बोलणं बंद आहे.

डिसेंबरचा तिसरा आठवडा आला. एका संध्याकाळी युम्नानं जेवणाच्या टेबलावर कागद घेतला आणि दहा नावं लिहिली. मी समोरच होतो. 'मिठागर' पहिलं. बाकी नऊ अल्बम मी ओळखत होतो. कुणाची तीन गाणी वाजली होती, कुणाची दीड. एकाचं तर फक्त वेष्टनच उघडलं होतं. तिनं कागद घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही. मित्रांनो, माळ्यावरच्या वीस वर्षांत मला जेवढं जड वाटलं नव्हतं तेवढं त्या घडीनं वाटलं.

शनिवारी सकाळी हियाम वर आली तेव्हा युम्ना माझी फट कापसाच्या काडीनं साफ करत होती.

"उद्या कुठंतरी जायचंय ना तुला? दरवर्षी जातेस."

"बघते, मावशी."

"बघते म्हणजे काय?"

युम्नानं सांगितलं. नियम सांगितला, दहा याद्या सांगितल्या, आणि मग घाईघाईनं, जणू गुन्हा कबूल करतेय अशी, म्हणाली, "एकसुद्धा पूर्ण ऐकला नाही. हा अडतीस मिनिटांचासुद्धा नाही."

हियाम तोंड उघडं टाकून बघत राहिली. "अडतीस मिनिटं? अडतीस मिनिटं बसायला मिळालं नाही तुला नऊ महिन्यांत?"

"जूरी..."

"जूरीला मी रोज मागते! दे म्हणते तासभर. तू म्हणतेस, नको मावशी, झोपेल आता. नको मावशी, उठेल आता. मी काय तिला विकणारेय?"

"तसं नाही हो."

"चार वाढवलीत मी. एक कुवेतहून तुझ्या खर्चाला पैसे पाठवतोय, म्हणजे जिवंत आहे." हियामनं जूरीला उचललं. "चल गं तेता, खाली चल." तेता म्हणजे आजी; इथल्या आज्या नातवंडांना स्वतःच्याच नात्याच्या नावानं हाक मारतात. "आणि तू बस. हे धूड लाव. मी काही लावत नाही खाली, बल्बसुद्धा नाही."

दार लागलं. जिन्यावरून जूरीचा आवाज खाली खाली गेला. युम्ना खुर्चीच्या टोकावर बसली, उठण्याच्या तयारीत असल्यासारखी. मग तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि सुई ठेवली.

पहिलं गाणं. तिचे खांदे कानापर्यंत आलेले. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर विहिरीतून हाक आली.

"हसतेय गंऽ!"

"बरंऽ!"

तिसऱ्या गाण्यात: "माझं घड्याळ चावतेय!"

चौथ्यात खांदे खाली आले. पाचव्यात तिनं डोळे मिटले. मी माझ्या आळसावलेल्या गतीनं जिवाच्या करारानं फिरत होतो. बाजू संपली. तिनं बसल्या बसल्या तबकडी उलटली.

"बटाटा खातेयऽ!"

"काय खातेय?" युम्नाचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर. ती अर्धी वर आली होती.

"उकडलेला आहे गं! मऊ आहे! मला दात नाहीत तरी मी खाते, तिला काय होतंय!"

हात सुटले. ती परत टेकली. सहावं गेलं, सातवं गेलं, आठवंही गेलं. नवव्या गाण्यात थोरली बहीण एकटीच गाते, मग धाकटी मागून येते, मग दोघी. युम्ना आता पुढं झुकली होती. मित्रांनो, मला दिसत होतं, खोबणी संपत आली होती. बोटभर अंतर राहिलं असेल.

आणि माझ्या अंगातलं बळ गेलं. थोरलीचा आवाज जाड झाला, मग पुरुषासारखा, मग म्हशीसारखा, आणि बंद. फ्रिजची घरघर थांबली. खटका पडला होता.

युम्ना बसून राहिली. नियमच होता. वीज गेली तर बसायचं. तिनं विहिरीकडं कान दिला. खालून काही नाही. जूरी नाही, हियाम नाही, भांडं नाही. अर्धं मिनिट गेलं. एक गेलं.

"मावशी?"

उत्तर नाही.

तिनं दांडे धरले. माझ्याकडं बघितलं. मला बोलता आलं असतं तर मी काय बोललो असतो, तेच मला ठाऊक नाही. मग ती उठली आणि अनवाणीच जिन्यावरून धावली.

पुढचं मी नंतर ऐकलं. हियाम स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली. जूरी तिच्या छातीवर तोंड उघडं टाकून झोपलेली, गालावर बटाटा. हियामचा एक हात तिच्या पाठीवर, दुसरा ओठांवर. श्श. नातीला गरम पाण्यानं पुसावं म्हणून तिनं गीझरचं बटण दाबलं होतं. रोजच्या सवयीनं हात गेला, आणि हाक मारायला तोंड उघडणार तोच जूरीनं डोकं टेकलं. हाक मारली असती तर पोर उठली असती. खटका समोरच्या भिंतीवर, सहा पावलांवर. ती स्वतः उठली असती तरी पोर उठली असती.

युम्ना दारात उभी राहून रडली, हसली, परत रडली. ते मात्र मला वरूनही ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दुकानात पोचलो. मी घोंगडीत, जूरी दोन कोटांत, आणि हियाम सोबत. हियाम म्हणाली होती, "मी येणार. खटका मी पाडला."

इस्कंदरनं दार उघडलं. दाढी पांढरी, पोट पुढं. "अरे! यंदा बाईसाहेब साक्षीदार घेऊन आल्यात."

"साक्षीदार नाही, आरोपी आहे मी," हियाम म्हणाली. "खुर्ची कुठंय?"

सात जणांनी आपापल्या याद्या वाचल्या. वाद झाले. लमीसनं इस्कंदरच्या सातव्या क्रमांकाला लिफ्टमधलं संगीत म्हटलं. इस्कंदरनं तिला दुकानातून हाकलण्याची धमकी दिली, ती दरवर्षी देतो. 'मिठागर' कुणाच्याच यादीत नव्हता. त्याच्या प्रतींचं खोकं कोपऱ्यात तसंच होतं.

"युम्ना."

तिनं खिशातून घडी काढली. उलगडली. डावा हात माझ्या झाकणावर ठेवला. तो थरथरत होता. तडकलेला कोपरा तिच्या हाताखाली किरकिरला.

"पहिला..." ती म्हणाली आणि थांबली. मग कागदाची घडी घातली. "मी यंदा एकही पूर्ण ऐकलेला नाही."

इस्कंदर याद्या लावता लावता थांबला.

"एकही?" लमीसनं विचारलं. या वेळी आवाजात तिखट नव्हतं.

"एक. दोन मिनिटं कमी."

"वीज गेली?"

"खटका पडला."

"मग माफ आहे!" इस्कंदर म्हणाला. "तुझाच नियम."

"मी उठले. वीज येईपर्यंत बसले असते तर जमलं असतं. पण खालून आवाज येत नव्हता, आणि मी उठले. तेव्हा तोही नाही."

"लिहा," हियाम स्टुलावरून म्हणाली, "सासूनं गीझर लावला. हाक न मारता."

आठही जण तिच्याकडं वळले. "हाक न मारता?" लमीसनं छातीवर हात ठेवला. "मावशी!"

"शरम आहे मला. पोरगी झोपली होती छातीवर."

कुणीतरी हसलं, मग सगळेच. फक्त युम्नाचा हात माझ्यावर होता आणि तो आता थरथरत नव्हता. इस्कंदर मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता.

"आज तारीख काय?"

"अठ्ठावीस."

"मग वर्ष कुठं संपलंय?" त्यानं कोपऱ्यातलं खोकं उघडलं आणि एक तबकडी काढली. "खोकी उलटी करा, बसा. युम्ना, खुर्ची प्लेअरजवळ घे. पहिल्यापासून. कुणीही उठायचं नाही. ज्याला लघवीला जायचंय त्यानं आत्ताच जाऊन यावं."

माझ्याभोवती गोल झाला. सुई खाली आली. जूरी युम्नाच्या मांडीवर होती, आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत तिनं चांगलंच ऐकलं. चौथ्यात ती वळवळायला लागली, पाचव्यात तिनं घसा साफ केला. युम्नाचे हात खुर्चीच्या दांड्यांकडं गेले.

"दे," शेजारून लमीस म्हणाली. उठली नाही. नुसते हात पुढं केले.

युम्नानं दिली.

लमीसकडं जूरी अर्धं गाणं टिकली. मग लमीसनं शेजारच्याला दिली. त्यानं तिला आपली किल्ली दिली आणि पुढं सरकवली. अशी ती मांडीवरून मांडीवर, माझ्यासारखीच हळूहळू, गोल फिरत राहिली. इस्कंदरकडं पोचल्यावर तिनं त्याची दाढी दोन्ही मुठींत धरली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं पण तो उठला नाही. तिथून ती हियामकडं गेली, आणि हियामनं रुमालातून बटाटा काढला. नवव्या गाण्यापर्यंत जूरी फिरून परत लमीसच्या मांडीवर आली होती.

आणि वीज गेली. या वेळी खटका नव्हता, सगळ्या गल्लीचीच गेली. थोरलीचा आवाज जाड झाला आणि थांबला. जवळपास कालच्याच जागी. दुकानात पडद्याच्या फटीतून दुपारचं ऊन तेवढं होतं. कुणी हललं नाही. मी युम्नाकडं बघत होतो. तिची पाठ ताठ झाली.

त्या शांततेत जूरी बोलायला लागली. बा. बा बा. बटाट्यानं भरलेल्या तोंडानं, मन लावून, एखाद्या यादीसारखं. युम्नाची पाठ खुर्चीला टेकली. ती ऐकत होती. मधली शांतता अल्बममधेच धरायची, हा तिचाच नियम होता, आणि शांततेत हे एवढं होतं.

वीज आली. मला बळ आलं. थोरली म्हशीची परत बाई झाली. दोघी बहिणी शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या, बेस थांबला. तरी खोबणी उरली होती. मग त्या राहिलेल्या मिनिटात कोठाराबाहेरचा वारा आला, मिठागरावरच्या पवनचक्कीची कुरकुर आली, आणि दुरून एका बाईचा आवाज. बहिणींची आई असणार. त्यांनी तो तसाच ठेवला होता.

"पोरींनोऽ! किती वेळ? जेवण निवतंय!"

"येतात गं बाई," हियाम मोठ्यानं म्हणाली. "दोन मिनिटं थांब."

सुई शेवटच्या वळणात शिरली आणि फिरत राहिली. खर्र, खर्र. तेव्हाच युम्ना उठली.

अकरावी यादी भिंतीवर आहे. तिच्यावर एकच नाव आहे. ते काचेतही आहे, आणि कोपऱ्यातलं खोकं रिकामं झालं. इस्कंदरनं अन्फेला फोन केला तेव्हा म्हणे पलीकडून तिन्ही बहिणी एकदम ओरडल्या आणि त्यांच्या आईनं विचारलं, कोण मेलं?

मी घरी परत आलो. हियामनं मला हलवायचं सोडून माझ्या चारही कोपऱ्यांना कापडाच्या गुंडाळ्या शिवल्या, जूरीच्या कपाळासाठी. डायपर दुसऱ्या फळीवर गेले. दर शनिवारी विहिरीतून हाक येते, "गीझर लावू का, का गाणं चालू आहे?" आणि युम्ना उत्तर देते, "तीन राहिलीत, मावशी!" खालून शिवी येते, पण गीझर लागत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर सुईवरची धूळ मऊ ब्रशनं काढा, झाकणावर डबे ठेवू नका, पट्टा सैल झाला तर बदला. पण त्याआधी बघा, त्याच्याशेजारची खुर्ची कुणाची आहे. ती रिकामी असेल तर घरात कुणीतरी फार दिवस उभं आहे. त्याच्या हातात जे काही असेल ते अडतीस मिनिटं तुम्ही धरा. आणि तुमच्याकडं सगळं शांत झालं तर जिन्यावरून एक हाक मारा, म्हणजे त्याला उठावं लागणार नाही.